मोटारीचे पंक्चर झालेले चाक बदलणे

रस्त्यात टायरची हवा गेल्यावर गाडी जॅकवर उचलून ते चाक काढणे आणि त्या जागी गाडीतले जादा चाक बसवणे, याला बोलीत ‘चाक बदलणे’ किंवा ‘स्टेपनी लावणे’ म्हणतात. सवयीच्या माणसाला हे पंधरा-वीस मिनिटांचे काम. नट चार किंवा पाच, अंगमेहनतही फार नाही. तरीही या कामात माणसे जखमी होतात, दगावतात, आणि त्याचे मूळ चाकात क्वचितच असते. गाडी कुठे उभी केली आणि कोणते काम आधी केले, यावर सारे ठरते. म्हणून या नोंदीत पान्यापेक्षा जागेला आणि क्रमाला जास्त महत्त्व दिले आहे.

‘स्टेपनी’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका वाटतच नाही. वेल्समधल्या लानेली गावी टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ च्या सुमारास हे जादा चाक तयार केले. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, त्यावरून नाव पडले. तोवर पंक्चर झाले की रस्त्यातच टायर उतरवून, ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावावे लागे. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे आऱ्या नसलेले एक कडे आणि त्यावर हवा भरलेला टायर. ते पंक्चर चाकाला लागून आवळून टाकायचे आणि निघायचे. खुद्द ब्रिटनमध्ये हा शब्द मागे पडला. भारत, बांगलादेश आणि माल्टा इथे मात्र तो रोजच्या बोलण्यात आहे, आणि ब्राझीलमध्ये ‘एस्टेपी’ या रूपात.

चालत्या गाडीत पुढच्या टायरची हवा गेली तर स्टिअरिंग त्या बाजूला ओढू लागते. मागच्या टायरची गेली तर गाडी मागून डुलल्यासारखी वाटते. अशा वेळी ब्रेक करकचून दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, गाडी आपसूक मंदावू द्यावी आणि धोक्याचे दिवे लावून डावीकडे घ्यावी. टायर खराब होईल या भीतीने आहे तिथेच थांबणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. हवा गेलेल्या टायरवर गाडी पायी चालण्याच्या वेगाने दोन-तीनशे मीटर नेली तर टायर कायमचा वाया जाऊ शकतो, हे खरे. पण टायर दुकानात विकत मिळतो. पेट्रोल पंप, धाब्याचे अंगण, रस्त्याकडेची रुंद जागा असे काही टप्प्यात दिसत असेल तर तिथवर जावे. वळणावर, पुलावर, बोगद्यात किंवा चढ संपतो त्या टोकाला थांबू नये, कारण मागून येणाऱ्याला गाडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कसारा किंवा वरंध घाटासारख्या ठिकाणी उतारावर जॅक लावणे टाळून सपाटी मिळेपर्यंत सरकावे. पावसाळ्यात कडेची माती वरून घट्ट दिसते आणि जॅकवर भार आला की खचते. त्यासाठी डिकीत हातभर जाड फळी ठेवण्याची सवय फार उपयोगाची.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. ताशी १०० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. म्हणजे बंद गाडीची खूण म्हणून ५० मीटर मागे ठेवलेला लाल त्रिकोण दिसल्यावर तिच्या चालकाच्या हाती दोन सेकंदही उरत नाहीत. अशा रस्त्यांवर त्रिकोण १०० मीटर किंवा त्याहून मागे हवा, आणि तो ठेवायला जाताना कठड्याच्या बाहेरून चालावे, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. ड्रायव्हर साइडचे, म्हणजे उजवीकडचे चाक बदलताना माणूस वाहत्या रहदारीला अगदी लागून बसलेला असतो. द्रुतगती मार्गावर ते चाक स्वतः बदलूच नये. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरावे, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्यासह कठड्यापलीकडे उभे राहावे आणि मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि कुठेही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. एसी चालू आहे म्हणून कुणी गाडीतच बसून राहते. बंद गाडीला मागून धडक बसते तेव्हा सगळ्यात जास्त तीच माणसे सापडतात.

आपल्याकडे त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी आणि दगड मांडायची जुनी रीत आहे. जवळ दुसरे काही नसताना ते समजण्यासारखे आहे. पण चाक बसले, गाडी निघाली आणि दगड रस्त्यात तसेच राहिले, हे दृश्य राज्यातल्या कोणत्याही महामार्गावर दिसते. रात्री डोक्याएवढा दगड दुचाकीवाल्याला दिसत नाही. आपल्या अडचणीत मांडलेला दगड आपणच उचलून कडेला टाकला पाहिजे, त्याशिवाय चाक बदलण्याचे काम पुरे झालेले नसते.

साधने गाडीतच असतात: जॅक, तो फिरवायची दांडी, व्हील पाना आणि स्टेपनी. ती कुठे आहेत हे मात्र घरी, उजेडात पाहून ठेवावे. बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते, म्हणजे आधी सगळे सामान उतरवणे आले. अर्टिगा आणि इनोव्हा यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. थारची मागच्या दारावर असते, तर नॅनोची पुढच्या बॉनेटखाली होती. टॉर्च, हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला जुने पायपुसणे एवढे जवळ असले की काम सोपे होते.

गाडी थांबल्यावर हॅन्डब्रेक ओढावा आणि पहिला गिअर टाकावा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’. मग पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावा. हॅन्डब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच चालतो, त्यामुळे मागचे एक चाक उचलले की त्याचा जोर निम्मा होतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

यापुढचा क्रम मोडू नये. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, उचलल्यावर नाही. उचललेले चाक पान्याबरोबर फिरते, आणि जोर लावताना गाडी जॅकवरून ढकलली जाते. पाना नटावर पूर्ण बसवून दांडी डाव्या हाताला आडवी येईल असा धरावा आणि खाली दाबावा. वर ओढल्यास कंबर धरते. दुकानात हवेच्या मशीनने आवळलेले नट हाताने हलत नाहीत, तेव्हा एका पायाने हळूहळू भार द्यावा, उडी मारू नये. पहिल्यांदा नट सुटतो तेव्हा ‘कर्र’ असा आवाज येतो. तिथून अर्धा फेरा पुरे. नट अजून काढून टाकायचे नाहीत.

जॅक कुठेही लावून चालत नाही. दाराखाली पत्र्याची उभी कडा असते, तिच्यावर पुढच्या चाकाच्या थोडे मागे आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे अशा खाचा असतात. बोट फिरवले की त्या लागतात. जॅकचे तोंड त्याच खाचेत बसले पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीत मजल्याखाली बॅटरी असते, तिथे जॅक लागला तर नुकसान मोठे. दांडी फिरवत चाक जमिनीपासून चार बोटे वर येईपर्यंत गाडी उचलावी, कारण हवा भरलेले चाक चपट्या चाकापेक्षा उंच असते. या क्षणापासून शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये, निसटलेला नट काढायलासुद्धा नाही. स्टेपनी आधीच दाराखाली आडवी सरकवून ठेवावी, आणि नट काढून चाक निघाले की दोन्हींची अदलाबदल करावी. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर टेकते.

कोकणात किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाड्यांची चाके गंजून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, चिकटतात. जॅकवरच्या गाडीला लाथा मारून चाक सोडवणे जिवावर बेतू शकते. त्याऐवजी नट थोडे परत लावून गाडी खाली घ्यावी आणि हाताने हलवावी. स्वतःच्याच वजनाने चाक सुटते.

मारुती, ह्युंदाई, टाटा अशा बहुतेक गाड्यांत हबला बोल्ट असतात आणि त्यावर नट चढतात. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्यात उलट, बोल्टच काढून घ्यावा लागतो. तिथे चाक हातात तोलून भोक जुळवणे हेच खरे कष्टाचे काम. नट चिमटीत धरून पाहिला तर त्याची एक बाजू शंकूसारखी निमुळती दिसते. ती बाजू चाकाकडे, म्हणजे आत, गेली पाहिजे. उलटा नट आवळलेला वाटतो पण चाक मध्यभागी धरून ठेवत नाही, आणि काही किलोमीटरांत सैल होतो. सगळे नट आधी बोटांनी फिरवून बसवावेत. आटे चुकले तर ते बोटांना लगेच कळते, पान्याला कळत नाही. मग गाडी खाली घेऊन समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. छोट्या मोटारींना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढी आवळणी लागते. गाडीतल्या पान्याने हाताच्या पूर्ण जोराने ती होते. पान्याला पाइप जोडून केलेली जास्तीची आवळणी आटे ताणते. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

आजकाल बऱ्याच गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा अरुंद किंवा लहान असते. अगदी अरुंद, तात्पुरत्या चाकात हवा साधारण ६० पीएसआय लागते, नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यावर ताशी ८० च्या वर जाऊ नये. मूळ चाक पहिल्या पंक्चरवाल्याकडेच दुरुस्त करून घ्यावे. स्टेपनीची हवा महिनोन्‌महिने कुणी पाहत नाही. अडचणीच्या वेळी तीच मऊ निघते, तेव्हा हवा भरायला गेल्यावर पाच चाके सांगावीत.

२०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींना स्टेपनी ठेवणे बंधनकारक राहिले नाही. अशा गाडीत चाक बदलायचा प्रश्नच उरत नाही. संचातला चीक, म्हणजे भोक बुजवणारा चिकट द्रव, टायरमध्ये भरायचा आणि छोट्या कॉम्प्रेसरने हवा मारायची. खिळ्याचे बारीक भोक त्याने बंद होते. खड्ड्याच्या धारेने किंवा दुभाजकाला घासून टायरची बाजू फाटली असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि गाडी उचलून न्यावी लागते.