फ्रिजच्या गॅसची शंभर वर्षं

मेकॅनिक 'गॅस गेलाय, भरावा लागेल' म्हणतो तेव्हा कुठला गॅस, हे आपण विचारत नाही. कॉम्प्रेसरवरच्या लेबलावर ते छापलेलं असतं.

1920च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा क्लोरोमिथेन असे. क्लोरोमिथेन म्हणजे अगदी साधा हॅलोअल्केन: मिथेनमधल्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन. पण तो गळला की माणसं दगावत. 1928 मध्ये थॉमस मिजली यांनी दोन क्लोरीन आणि दोन फ्लोरिन असलेला रेणू पुढे आणला. 1930 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीपुढे त्यांनी तो गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही. एका फुंकरीत दोन्ही सिद्ध! (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थांची.) पुढे हे सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरिनचे असे रेणू) स्प्रेच्या डब्यांत आणि फोममध्येही शिरले.

हा रेणू इतका थंड डोक्याचा की खालच्या हवेत कशाच्याच वाटेला जात नाही, पावसातही धुऊन निघत नाही. शंभरेक वर्षं टिकतो. मग जातो कुठे? 1974 मध्ये शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी उत्तर दिलं: वर, स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या वातावरणाच्या वरच्या थरात. तिथल्या अतिनील किरणांनी कार्बन-क्लोरीन बंध तुटतो. सुटा क्लोरीन ओझोनचा एक ऑक्सिजन हिसकावतो, तो दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनच्या गळ्यात घालतो आणि पुन्हा मोकळा. असा एक अणू लाखभर ओझोन रेणूंचा फडशा पाडू शकतो. उद्योगांनी बरीच वर्षं हे मनावर घेतलं नाही. 1985 मध्ये अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरून ओझोन घटल्याच्या नोंदी आल्या आणि 1987 मध्ये सीएफसीला आवर घालणारा माँट्रियल करार झाला.

दुसरा धागा आपल्याकडचा. सिकंदराबादच्या फ्रिज कारखान्यात गॅसगळती शोधणाऱ्या वीरभद्रन रामनाथन यांनी पुढे अमेरिकेत, 1975 मध्ये, दाखवलं की उष्णता अडवण्यात सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो रेणूंना भारी पडतो. सीएफसीच्या जागी क्लोरीन वगळून आणलेले एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) हेही उष्णता अडवतात, म्हणून ते ओझोनला चालले, हवामानाला नाही. त्यांना आवर घालायला माँट्रियल करारातली 2016ची किगाली दुरुस्ती लागली.

आज घरच्या बहुतेक नव्या फ्रिजवर 'आर-600ए' लिहिलेलं असतं. म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंद. शेजारी पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असतं.