तोडलेल्या कळीचा सुगंध

सकाळी घेतलेल्या मोगऱ्याच्या कळ्या नाकाशी धरून पाहा. वास येतो, पण बेताचाच. त्याच कळ्यांचा गजरा संध्याकाळी अख्खी खोली भरून टाकतो. झुडपापासून तुटलेल्या कळीने हा सुगंध दिवसभरात स्वतःच घडवलेला असतो. फुलांबद्दल मला सर्वांत नवल वाटतं ते याचंच. खुडलेली कळी जिवंत असते, श्वसन करत असते, आणि तिचं मुख्य काम अजून व्हायचं असतं.

पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड-जव्हार भागात मोगऱ्याची शेती होते आणि तिथला माल दादरच्या फुलबाजारात येतो. मोगरा पहाटे खुडतात. सरावलेला हात नेमकी कळी हेरतो. ती टपोरी, पांढरीशुभ्र, पण मिटलेली हवी. हिरवट, कोवळी कळी नीट उमलत नाही, आणि आदल्या रात्री उमललेलं फूल गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो मलूल होतं. आज रात्री उमलणार तीच कळी गजऱ्याची.

दिवस कलला की पाकळ्या सैल होऊ लागतात आणि आत रसायनांची लगबग सुरू होते. लिनालूलसारखी काही सुगंधी द्रव्यं कळीत साखरेच्या रेणूला बांधलेली असतात. तशी बांधलेली असताना ती हवेत उडू शकत नाहीत, म्हणून त्यांचा वासही येत नाही. उमलताना विकरं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, हा बंध तोडतात. बेंझिल अॅसिटेटसारखी द्रव्यं त्याच सुमारास नव्याने तयार होतात. त्यांत इंडोलही असतं. हे द्रव्य विष्ठेतही सापडतं. दाट असेल तर नकोसं, पण अगदी थोडं असेल तर मोगऱ्याचा भारलेला, घमघमणारा वास त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

ही सारी तयारी मुळात रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. अंधारात रंगांचा उपयोग नाही, म्हणून पांढरी पाकळी आणि दूरवर जाणारा गंध. बागेतल्या मोगऱ्याला मात्र बी क्वचितच धरतं. बटमोगऱ्यासारख्या भरगच्च जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. आपण ही झाडं छाट कलमांनी वाढवतो. पतंगांची वाट पाहणाऱ्या या झाडाचा वंश माणसाच्या हातांनी चालू आहे!

तोडल्यावरही वास घडत राहतो हे माणसाने फार पूर्वी हेरलं. चीनमध्ये मोगऱ्याच्या कळ्या दिवसा खुडून रात्री चहाच्या कोरड्या पानांत मिसळतात. कळ्या उमलतात, पानं गंध शोषतात, आणि उंची चहासाठी हे ताज्या कळ्यांनी पुन्हा पुन्हा करतात. उत्तर भारतात फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, करताना फुलांचे आणि तिळांचे थर एकावर एक देतात, मग त्या तिळांचं तेल काढतात. फ्रान्समधल्या ग्रासचे अत्तरवाले काचेवर चरबी थापून तिच्यावर जाईच्या जातीची फुलं आणि निशिगंध पसरत. गुलाबाचं अत्तर वाफेने निघतं. पण या नाजूक फुलांना उष्णता दिली की घडण्याचं काम तिथेच थांबतं. थंड चरबीवर ती तासन्‌तास गंध सोडत राहतात.

गजरा टिकवायचा तर हेच ध्यानात ठेवावं. फ्रिजच्या थंडीत श्वसन आणि विकरांचं काम मंदावतं, म्हणून कळी उशिरा उमलते. ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळलं तर पाणी कमी उडतं. कोकणा-गोव्यात केळीच्या ओल्या सोपाने, म्हणजे खोडाच्या तंतूंनी, वळेसर म्हणजे गजरे गुंफतात, तिथेही ओलावा राखला जातो. कळ्या दाबू मात्र नयेत. बोट जोरात लागलं की पेशी फुटतात, आतली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि तिथे तपकिरी डाग पडतो.

आणि गजरा माळल्यावर थोड्या वेळाने वास येईनासा झाला, तर फूल संपलं असं समजू नये. एकच गंध सतत येत राहिला की आपलं नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं सोडतात. शेजारी बसलेल्याला तो येतच असतो.