वर्ग वाडीत कसा पोचला: कोकणातल्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात मी पाहिलेले बरेचसे प्रशिक्षण वर्ग मार्च महिन्यात झाले. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी यादी निघते आणि मार्चमध्ये एकापाठोपाठ एक वर्ग लागतात. नेमके त्याच दिवसांत काजू गळत असतो. पहाटे उठून बिया वेचल्या नाहीत तर दुसरा कुणी वेचतो, नाहीतर साळिंदर खातो. शिमगा दारात असतो, आंबा उतरवायचा असतो, भाताची रोपे वाढवायच्या वाफ्यांसाठी, म्हणजे दाढीसाठी, भाजावळ सुरू असते. अशा वेळी तालुक्याच्या सभागृहात चाळीस खुर्च्या मांडल्या आणि त्यातल्या पंचवीस रिकाम्या राहिल्या, तर बायकांना शिकायची आवड नाही असा अर्थ काढणे मला अन्यायाचे वाटते. कुणाला, कुठे, कधी आणि कशासाठी शिकवायचे, हे प्रश्न या किनाऱ्यावर नवे नाहीत. ऐंशी वर्षांपूर्वी ते कुणीतरी विचारले होते आणि त्यांची उत्तरेही शोधली होती.

ती जागा उत्तर कोकणातली, डहाणूजवळची बोर्डी. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्यासोबत काम करू लागल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा करण्यात त्यांचा वाटा होता. शहरातली बालवाडी कशी चालते हे त्यांना उत्तम ठाऊक होते. पण बोर्डीत मध्यवर्ती ठिकाणी भरवलेल्या बालवाडीत वस्तीतली मुले येईनात. घर लांब, आईबाप कामावर, अंगावर धड कपडे नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालण्यापासून दिवसाची सुरुवात होई. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने यांच्यावर मोजणी आणि रंगओळख होऊ लागली. किनाऱ्यावरच्या मुलाच्या हाताला शिंपला ओळखीचाच असतो.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेले. याच मुलखात, बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या वाड्यावर राबलेल्या माणसांना शाळेची घंटा आपली कशी वाटावी? मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात, म्हणून शिक्षिका त्यांच्यामागे कुरणात गेल्या आणि कुरणशाळा जन्माला आली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि त्यापायी तिची शाळा बुडे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. धाकट्याला पाळण्यात ठेवायचे आणि मोठीने पलीकडच्या वर्गात बसायचे.

या प्रयोगापाशी मी मुद्दाम रेंगाळलो आहे. अभ्यासक्रम शिकणाऱ्याच्या दिवसातून काढायचा असतो, ही गोष्ट ताराबाई आणि अनुताईंनी एकेका अडचणीला उत्तर देत सिद्ध केली. मूल गैरहजर राहिले की त्यांनी मुलाला दोष दिला नाही, ते गैरहजर का हे शोधले आणि शाळेचा आकार बदलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द तिने घेतला आणि तो देशभर गेला. कुरणशाळा मात्र मागे राहिली. प्रौढांच्या प्रशिक्षणाला अंगणवाडीपेक्षाही तिच्याकडून जास्त शिकण्यासारखे होते, असे मला वाटते.

दक्षिणेकडे कणकवलीत, १९४८ साली, अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला. तिथला धडा आणखी वेगळा. चामडे कमावणे, मैल्याचे खत करणे ही समाजाने हीन ठरवलेली कामे त्यांनी स्वतः केली आणि ती नीट, स्वच्छ, शास्त्रीय पद्धतीने कशी करता येतील ते दाखवले. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपास करणारा हा माणूस. शिकवणाऱ्याने आधी ते काम आपल्या हाताने करावे, एवढी एकच अट पाळली असती तरी पुढची कित्येक प्रशिक्षणे सुधारली असती.

कोकणातल्या माणसाचे शिक्षण कोकणातच झाले असेही नाही. पोटासाठी तो मुंबईला गेला, गिरणीत लागला, आणि गावी मनीऑर्डर येत राहिली. १९६७ साली युनेस्कोच्या मदतीने देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईत सुरू झाले, तेही कामगारांसाठी. त्यामागची कल्पना अशी की, कामगाराला नुसते अक्षर किंवा नुसते यंत्र शिकवून भागत नाही. त्याचे काम, आरोग्य, घर आणि हक्क या सगळ्यांचा मिळून एक अभ्यासक्रम हवा, आणि तो त्या त्या गटाशी बोलून, त्यांच्या पाळीच्या वेळा सांभाळून बांधायला हवा. रात्रपाळी करणाऱ्याला संध्याकाळचा वर्ग काय कामाचा? पुढे देशभर अशी केंद्रे निघाली, २००० साली त्यांचे नाव जन शिक्षण संस्थान झाले आणि रायगड व सिंधुदुर्गातही ती आली. ज्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून ही पद्धत बांधली, त्यांतल्या अनेकांच्या गावी ती तीसेक वर्षांनी पोचली.

दरम्यान गावाकडे शेतीचे शिक्षण संस्थांच्या हाती गेले होते. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झाले. पाठोपाठ मोहनसिंह मेहता समितीने कृषी विज्ञान केंद्रांची आखणी केली आणि १९७४ मध्ये पहिले केंद्र पुदुच्चेरीला निघाले. पदवी नाही, परीक्षा नाही, करून शिकायचे, आणि त्या भागाची गरज पाहूनच विषय ठरवायचे, अशी त्यामागची तत्त्वे होती. कोकणातले केंद्र १९७६ साली कुठे निघाले? कोसबाडलाच. हा नुसता योगायोग म्हणून सोडून देववत नाही. जिथे मुलांसाठी कुरणात शाळा गेली होती, त्याच टेकडीवर आता त्यांच्या आईबापांसाठी बांधावरची शाळा आली.

पुढच्या दशकात मात्र वारे फिरले. जागतिक बँकेच्या पाठबळाने प्रशिक्षण आणि भेट ही पद्धत आली. कृषी सहायकाने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्यांना भेटायचे आणि वरून आलेला संदेश सांगायचा. सलग बागायती पट्ट्यात ती काही प्रमाणात चालली. कोकणात एका गावाच्या बारा वाड्या, मधे पऱ्या, पाणंद आणि घाटी, आणि एका कुटुंबाची जमीन सात तुकड्यांत. वरून आलेला एक संदेश इतक्या तऱ्हांच्या जमिनीला कसा लागू पडायचा?

१९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक चाकरमानी कायमचे गावी परतले. सांच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, तरबेज असलेल्या हातांना गावात काम नव्हते. मग १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कातळावरची, वरकस म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन आंबा-काजूखाली येऊ लागली. एकदम लाखोंनी कलमे हवी झाली, आणि इथे दापोली विद्यापीठाचे एक काम उपयोगी पडले. जुनी भेटकलमाची रीत म्हणजे मोठ्या झाडाला माची बांधायची, तिच्यावर रोपांच्या कुंड्या चढवायच्या, फांदीशी जोडून महिनोन्‌महिने पाणी घालायचे. मातृवृक्ष ज्याच्या बागेत, त्याचाच हा धंदा. कोय कलमात रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधतात. जून ते ऑगस्टच्या दमट हवेत, पडवीत नाहीतर रोपवाटिकेच्या मांडवात बसून, एक धारदार चाकू आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन हे होते. हे कसब शिकायला झाडावर चढायला लागत नव्हते आणि स्वतःची बागही लागत नव्हती. भूमिहीन तरुण शिकले, बायका शिकल्या, आणि रोपवाटिकांत कलमामागे मजुरी मिळू लागली. शिकायची वेळ पावसाळ्यातली, गावात माणूस असतो तेव्हाची, आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी विकता येणारे. कोकणातले यशस्वी प्रशिक्षण कोणते असे मला कुणी विचारले, तर मी याच कलम बांधण्याकडे बोट दाखवीन. योजनेचे अनुदान तीन वर्षांत विभागलेले आणि झाडे जगण्याशी बांधलेले होते, त्यामुळे दुसऱ्या उन्हाळ्यात कलम कसे जगवायचे, मडक्याने पाणी कसे द्यायचे, गवताचे आच्छादन कसे घालायचे, हेही लोकांनी आपणहून विचारून घेतले.

समुद्राची गोष्ट वेगळी. मत्स्यव्यवसाय खात्याच्या केंद्रांत तरुणांना नौकानयन आणि इंजिनदुरुस्ती शिकवली गेली, आणि यांत्रिक होड्यांच्या काळात ती हवीच होती. पण मासळी किनाऱ्याला लागल्यावरचे सगळे काम, म्हणजे निवडणे, सुकवणे, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, बायकांचे. त्यांच्यासाठीचे वर्ग फार उशिरा आले. गावात राहते कोण याकडे तरी पाहायला हवे होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, २००१ मध्ये त्याहूनही जास्त. शेत तीच बघते, गुरे तीच बघते, सासूसासरे तीच बघते, आणि प्रशिक्षणाचा आराखडा मात्र घरच्या कर्त्या पुरुषाला धरून होतो.

निवासी प्रशिक्षणाचेही तसेच. १९८२ साली कर्नाटकात उजिरे येथे निघालेल्या स्वयंरोजगार संस्थेच्या धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी संस्था काढल्या. शिक्षण फुकट, जेवणखाण फुकट, नंतर पाठपुरावाही. चांगली सोय आहे. पण दहा दिवस मुक्कामाला या म्हटल्यावर एका वयनीने मला सरळ विचारले होते, "मी हय रवलंय तर गुरांका कोण बघतला?" तिच्या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. २०१५ नंतरच्या कौशल्य योजनांनी देशभर एकच अभ्यासक्रम, ठरावीक तास आणि अंगठ्याची हजेरी आणली. प्रमाणपत्राला त्यामुळे किंमत आली हे खरे. पण ज्या वाडीत फोनला रेंज मिळवायला टेंबावर जावे लागते, तिथे अंगठा कुठे लावायचा?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून बचत गटातल्या बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्यांना झाडांची शास्त्रीय नावे आणि सुरक्षिततेचे नियम शिकवले गेले. तिवर, चिप्पी, मारांडी ही नावे आणि भरती-ओहोटीचे गणित मात्र त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. तिथे प्रशिक्षण त्यांच्या माहितीवर रचले गेले, म्हणून ते टिकले असे मला वाटते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहायलाच हवी. काही वर्षांपूर्वी मी कोकम प्रक्रियेचा वर्ग नोव्हेंबरमध्ये लावला होता. फळ्यावर आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, कृती लिहिली, मिठाचे प्रमाण सांगितले. मागून एक काकी म्हणाल्या, "तुमी शिकवतास ता बरा, पण आता रातांबे खय आसत?" रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पहिल्या पावसात सडतात. त्यांची खरी अडचण कृतीची नव्हतीच. वळवाचा पाऊस येण्याआधी सोलं, म्हणजे फळांच्या साली, वाळवायची कशी, हे त्यांना हवे होते.

पुढच्या खेपेला विषय ठरवण्याआधी आम्ही खळ्यात बसलो. जमिनीवर खडूने बारा चौकोन काढले, मराठी महिन्यांचे, आणि ज्या महिन्यात जितके काम तितक्या काजूबिया त्यात ठेवायला सांगितल्या. गावाचे ऋतुचक्र मांडायची ही रीत १९९० च्या सुमारास लोकसहभागातून गाव समजून घेण्याच्या पद्धतीबरोबर आपल्याकडे आली. फाल्गुन आणि चैत्र बियांनी भरून गेले. आषाढात लावणीचा ढीग झाला. श्रावणात बेणणीच्या, म्हणजे तण काढण्याच्या, चार बिया पडल्या, आणि एकीने त्यातली एक उचलून बाजूला ठेवली, म्हणाली दुपारी जेवणं झाल्यावर तेवढा वेळ निघतो. माघातही थोडी मोकळीक दिसली. त्या वर्षी वाळवणीच्या सौर पेटीचा वर्ग माघात झाला, तिच्याच पडवीत, दुपारी दोन ते साडेचार. बैठक मोडली तेव्हा बायकांनी पुढचा वर्ग रातांबे उतरायला लागतील त्या आठवड्यात, पेटी उन्हात मांडूनच घ्यायचा असे ठरवले, आणि तारीख मी त्यांच्याकडून लिहून घेतली.