चरबी नसताना चढणारे लेप्टिन

उंदराचे पिल्लू चार-पाच दिवसांचे झाले की त्याच्या रक्तातले लेप्टिन चढू लागते. दहाव्या दिवसाच्या आसपास ते एरवीच्या पाच ते दहा पट होते आणि आईचे दूध तुटण्याआधी खाली येते. लेप्टिन म्हणजे चरबीच्या पेशींनी मेंदूला धाडलेली खबर, 'साठा भरला, आता खाणे आवर'. पण या दिवसांत अंगावर तेवढी चरबी वाढलेलीच नसते. आणि पिल्लू दूधही आवरत नाही. बाहेरून लेप्टिन टोचले तरी ते पीतच राहते.

कारण साधे आहे. खबर पोहोचवणाऱ्या तारा अजून ओढून व्हायच्या असतात. लेप्टिन ओळखणाऱ्या चेतापेशी हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाच्या तळाशी, आर्क्युएट नावाच्या पुंजक्यात असतात. तिथून भुकेच्या इतर केंद्रांकडे जाणारे तंतू जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत वाढतात. हे काम लेप्टिनच करवून घेते, हे २००४ मध्ये बूरे आणि सिमर्ली यांच्या गटाने दाखवले. त्यांनी जन्मतः लेप्टिन न बनवणारे लठ्ठ उंदीर घेतले. रसायनात टिकवलेल्या त्यांच्या मेंदूच्या आर्क्युएट भागात एका चमकणाऱ्या रंगद्रव्याचे कण ठेवले. हे द्रव्य पेशीच्या आवरणावरून सरकत तंतूच्या टोकापर्यंत जाते. या उंदरांत तंतू विरळ दिसले. पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत लेप्टिन टोचले तर ते भरून आले. प्रौढ उंदरांना टोचून मात्र उपयोग झाला नाही. त्यांची भूक तेवढी कमी होते, पण तारा ओढायची वेळ टळलेली असते.

मग जास्त लेप्टिन द्यावे का? इथेच गोष्ट गुंतते. गरोदरपणी अर्धपोटी ठेवलेल्या माद्यांच्या पिल्लांत लेप्टिनची लाट वेळेआधी येते आणि ती पिल्ले पुढे चरबीयुक्त आहारावर जास्त लठ्ठ होतात. पोटभर खाल्लेल्या माद्यांच्या पिल्लांना मुद्दाम लवकर लेप्टिन टोचले तरी तोच परिणाम दिसला. रॅटमध्ये (आतापर्यंतचे उंदीर म्हणजे माऊस; मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतो, प्रयोगात फरक मोठा) व्हिकर्स यांच्या गटाने गरोदर माद्यांना नेहमीच्या ३० टक्केच खाद्य दिले आणि त्यांच्या मादी पिल्लांना तिसऱ्या ते तेराव्या दिवसापर्यंत लेप्टिन टोचले. त्यांचा लठ्ठपणा टळला. पुढे नर पिल्लांवर हेच केले, तेव्हा पोटभर खाल्लेल्या आयांच्या नरांचे वजन चरबीयुक्त आहारावर उलट वाढले. तेव्हा 'लेप्टिन चांगले की वाईट' हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कितव्या दिवशी, कोणत्या आईच्या आणि नर की मादी पिल्लाला, हे विचारावे लागते.

व्हिकर्स यांची मात्रा वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे रोज २.५ मायक्रोग्रॅम होती. तिसऱ्या दिवशी ८ ग्रॅमच्या पिल्लाला २० मायक्रोग्रॅम लागतात. तेराव्या दिवशी ते २८ ग्रॅमचे झाले तर ७०. म्हणून रोज वजन करायचे. पहिल्या दिवसाची मात्रा पुढे तशीच रेटली तर लेप्टिन नेमके गरजेच्या दिवसांत कमी पडते. पिल्लाची कातडी पातळ असते, त्यामुळे सुई झटकन काढली की थेंब बाहेर येतो आणि आई तो चाटते. ३० गेजची, म्हणजे अगदी बारीक सुई वापरावी, आत काही सेकंद थांबावे, मग हळू काढावी. हातमोज्यांना आधी घरट्यातला भुसा चोळावा. परका वास लागलेले पिल्लू आई टाकू शकते. नुसत्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणारा गट हवाच, कारण हाताळणीनेही ताणाची संप्रेरके बदलतात.

सगळ्यात जास्त फसवणूक वेताच्या, म्हणजे एका खेपेच्या पिल्लांच्या संख्येने होते. आईजवळ तीनच पिल्ले ठेवली तर प्रत्येकाला भरपूर दूध मिळते. ती दूध तुटेपर्यंतच जड होतात आणि बहुधा पुढेही जडच राहतात, तेही औषधाचा थेंब न देता. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक वेत आठ पिल्लांचे करून घेतात. आकडेमोडीतही हाच धडा लागू आहे. तीन आयांची चोवीस पिल्ले म्हणजे चोवीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. भावंडे एकाच दुधावर वाढलेली असतात, त्यामुळे वेत हेच एकक. हे विसरल्यामुळे नसलेला परिणाम 'सापडतो'.

उलटही घडते, असलेला परिणाम दिसत नाही. साध्या खाद्यावर लेप्टिन घेतलेला आणि मिठाचे पाणी घेतलेला, दोन्ही गट महिनोन् महिने सारखेच भासतात. फरक उघड होतो तो ४५ किंवा ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणाऱ्या आहारावर काही आठवडे ठेवल्यावर. त्यातही नुसता वजनकाटा पुरत नाही, चरबी आणि स्नायू वेगळे मोजावे लागतात. शिवाय प्रयोगशाळेचे २२ अंश सेल्सियस माणसाला सुखाचे असले तरी उंदराला थंड असतात. त्याला सोयीचे तापमान ३० अंशांच्या जवळपास. थंडीत तो खाल्लेल्यातला मोठा वाटा ऊब टिकवण्यात जाळतो, आणि लठ्ठ व्हायचा कल असलेला उंदीरही सडपातळ दिसू शकतो.

आणि दिवसांचे गणित माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही. उंदरात जन्मानंतर वाढणारे हे तंतू माकडांसारख्या प्राण्यांत बऱ्याच अंशी गर्भातच, शेवटच्या तिमाहीत वाढतात. उंदराचा दहावा दिवस म्हणजे बाळाचा दहावा दिवस नव्हे.