‘अँग्युलर’ म्हणजे नेमकं कोणतं?

अँग्युलर हे वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा. वेबपानाची भाषा असलेल्या एचटीएमएलचे टॅग ज्या टोकदार कंसांत (इंग्रजीत ‘अँगल ब्रॅकेट’) लिहितात, त्यांच्यावरून हे नाव पडलं. त्याच नावाच्या उच्चारातून ‘एनजी’ हा उपसर्ग निघाला आणि एनजी-मॉडेल, एनजी-रिपीट असे त्याच्या कोडमधले शब्द सगळ्यांच्या हातात बसले. २०१० साली खुलं झालेलं हे फ्रेमवर्क तेव्हा अँग्युलरजेएस होतं. आवृत्त्यांना टोपणनावंही असत. जून २०१२ मधल्या १.० चं ‘टेम्पोरल डॉमिनेशन’.

घोळ सुरू झाला ऑक्टोबर २०१४ मध्ये. दुसरी आवृत्ती मुळापासून नव्यानं लिहिणार, कंट्रोलर आणि स्कोप (पानावरची माहिती सांभाळणारे जुन्या कोडचे मुख्य भाग) जाणार, असं जाहीर झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा जुना कोड तिच्यावर जसाच्या तसा चालत नव्हता. म्हणजे वस्तू वेगळी, नाव मात्र तेच. पुढे दर सहा महिन्यांनी मोठी आवृत्ती काढायची ठरल्यावर नावातला ‘२’ अडचणीचा झाला. मग डिसेंबर २०१६ मध्ये फर्मान निघालं: १.x ला अँग्युलरजेएस म्हणा, २ पासून पुढच्या सगळ्याला नुसतं अँग्युलर. राउटरचं (एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचं) पॅकेज आधीच ३.३ वर पोचलं होतं, बाकीची २.३ वर, सगळ्यांचे आकडे जुळावेत म्हणून ३ गाळून मार्च २०१७ मध्ये थेट ४ काढली.

नावातला ‘२’ गाळणं पटण्यासारखं होतं. पण नवं नाव द्यायची वेळ २०१४ मध्येच होती आणि ती दवडली, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं ‘अँग्युलर’ शोधून मिळालेल्या उत्तरात डॉलर-स्कोप (जुन्या कोडमध्ये स्कोप असा लिहीत) दिसला की ते आपल्या कामाचं नाही, हे नवशिक्याला कोण सांगणार? त्याची अख्खी संध्याकाळ त्यात जाते.

बोधचिन्हानंही मदत केली नाही. जुनी लाल ढाल आणि तिच्यावरचा ‘ए’ तसाच राहिला. करडी कड गेली, लाल रंग थोडा बदलला, एवढंच. खरा बदल नोव्हेंबर २०२३ मध्ये, १७ व्या आवृत्तीबरोबर झाला. ढाल गुलाबी-जांभळ्या छटांत आली आणि दस्तऐवजांना नवा पत्ता मिळाला. तोवर अँग्युलरजेएसला अधिकृत दुरुस्त्या मिळणं बंद होऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. ३१ डिसेंबर २०२१ ही त्याची शेवटची तारीख.

टर्मिनलवर ‘एनपीएम इन्स्टॉल अँग्युलर’ (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवायचं साधन) लिहिलं तर अजूनही जुनं १.८ च उतरतं. नव्यासाठी आधी ॲट-चिन्ह, मग अँग्युलर, तिरकी रेघ आणि ‘कोअर’ असं लिहावं लागतं.