ऊब

ऊब (स्त्रीलिंगी नाम) म्हणजे धरून ठेवलेली, अंगाला सोसवणारी सौम्य उष्णता. विभक्तीचा प्रत्यय लागताना पहिला स्वर ऱ्हस्व होतो : उबेने, उबेत. विस्तवाजवळ लागते ती धग, दुखऱ्या गुडघ्याला देतात तो शेक, मे महिन्यात मुंबईकरांचा जीव नकोसा करतो तो उकाडा. ऊब मात्र आत साठते आणि राखावी लागते. गोधडी स्वतः तापत नाही, तिच्या थरांत अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि त्यालाच आपण गोधडीची ऊब म्हणतो.

मुंबईत थंडी बेताचीच असते. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेलेले ७.४ अंश सेल्सिअस हे तापमान अपवादच म्हणावे लागेल. त्यामुळे येथे हा शब्द पांघरुणाइतकाच स्वयंपाकघरात भेटतो. जानेवारीत दही नीट लागावे म्हणून विरजणाचे भांडे फडक्यात गुंडाळून उबेला ठेवतात. एप्रिल-मेमध्ये घरोघरी हापूसची पेटी येते. तिच्या पेंढ्यात हात खुपसला की बोटांना ऊब लागते, कारण पिकणारे फळ श्वसन करताना उष्णता सोडते आणि पेंढा ती अडवून धरतो. अशा वेळी जाणते माणूस आंबे वरखाली करते, कारण फार कोंडले तर ते नासतात.

या शब्दाचे खरे वैशिष्ट्य येथेच आहे. कोंबडी सुमारे २१ दिवस अंडी उबवते तेव्हा राखलेली उष्णता जीव वाढवते. तीच दमट, बंद जागी साचली की धान्य उबते आणि पिठाला उबट वास येतो. पावसाळ्यात मुंबईच्या घरांत डबे वरचेवर उघडून पाहावे लागतात ते यासाठीच. ‘उबग’ दिसायला जवळचा वाटला तरी तो ‘उद्वेग’ या शब्दावरून आला आहे. हिंदीत ‘ऊब’ म्हणजे कंटाळा. दोन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्या या शहरात हा फरक विशेष ध्यानात ठेवावा लागतो.

‘मायेची ऊब’, ‘कुशीतली ऊब’ हे लाक्षणिक प्रयोग फार रूढ आहेत, पण त्यांचे मूळ अगदी शारीरिक आहे. कमी वजनाच्या नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची ‘कांगारू मातृ सेवा’ ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. तीत आईच्या अंगाची ऊबच बाळाचे तापमान टिकवते.