टेक्सासचा वारा कोणत्या पक्षाचा?

१५ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री दोनच्या सुमारास अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचं वीजजाळं कोसळायच्या बेतात होतं. विजेच्या जाळ्याची तब्येत एका आकड्यावरून कळते, तो म्हणजे वारंवारता. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असते, तिकडे ६०. मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली, की चढावर सायकल मंदावते तशी जनित्रं मंदावतात आणि आकडा खाली येतो. त्या रात्री तो ५९.४ च्याही खाली गेला आणि चार मिनिटांहून जास्त काळ तिथेच राहिला. नऊ मिनिटं तसाच राहिला असता तर वीजनिर्मितीचे आणखी संच स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडले असते आणि सगळं राज्य अंधारात गेलं असतं. ‘एर्कॉट’ या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने ४५ लाखांहून जास्त घरांचं लोडशेडिंग करून जाळं वाचवलं. पण बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि बऱ्याच घरांची वीज काही दिवस आलीच नाही. सरकारी नोंदीप्रमाणे त्या वादळाने २४६ बळी घेतले.

दिवे परत लागायच्या आतच खापर फोडून झालं होतं. राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर ग्रेग अबट यांनी फॉक्स न्यूजवर सांगितलं, की पवन आणि सौर ऊर्जा बंद पडली म्हणून राज्यावर ही वेळ आली. गंमत अशी, की गॅस आणि कोळशाचे संच गोठल्याचं त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी ट्विटरवर लिहिलं होतं. समाजमाध्यमांवर एक फोटो फिरत होता, हेलिकॉप्टरमधून पवनचक्कीच्या पात्यांवरचा बर्फ काढतानाचा. तो स्वीडनमधला होता, आणि काही वर्षं जुनाही.

प्रत्यक्षात काय झालं ते केंद्रीय नियामकांच्या नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात आहे. अचानक बंद पडलेल्या किंवा अडखळलेल्या संचांपैकी ५८ टक्के नैसर्गिक वायूवरचे होते, २७ टक्के पवनचक्क्या. म्हणजे पवनचक्क्याही गोठल्याच. त्यांना संपूर्ण निर्दोष ठरवणारे दुसऱ्या बाजूचे लोकही आपल्या सोयीचंच बोलत होते. पण मुख्य घाव गॅसचा होता आणि तो कसा बसला हे समजून घेण्यासारखं आहे. विहिरीतून निघणाऱ्या वायूत पाण्याचा अंश असतो. तो विहिरीच्या तोंडाशी आणि नळ्यांमध्ये गोठला, त्यामुळे वायूचा पुरवठा आटला. त्यात वायू पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालत होते. ‘यांची वीज तोडू नका’ अशी त्यांची नोंदच झालेली नव्हती, म्हणून लोडशेडिंगमध्ये त्यांचीही वीज गेली. वीज नाही म्हणून गॅस नाही, गॅस नाही म्हणून वीज नाही! एका अणुभट्टीत तर पाण्याचा दाब मोजणारी नळी गोठली आणि भट्टी बंद पडली. दहाच वर्षांपूर्वी, २०११ च्या थंडीनंतर, यंत्रांना थंडीपासून जपण्याच्या शिफारशी झाल्या होत्या. त्या सक्तीच्या नव्हत्या. आणि केंद्र सरकारचे नियम टाळण्यासाठी टेक्सासने आपलं ग्रिड शेजारच्या राज्यांपासून जवळपास तोडूनच ठेवलेलं, त्यामुळे बाहेरून वीज आणायची सोयही तोकडी.

आता या गोष्टीचा खरा विनोदी भाग. ज्या पवनचक्क्यांना रिपब्लिकन नेते नावं ठेवत होते, त्या टेक्सासमध्ये उभ्या केल्या रिपब्लिकन नेत्यांनीच. १९९९ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या कायद्यात २००९ पर्यंत २,००० मेगावॅट नवीन अक्षय ऊर्जेचं बंधन होतं. ते उद्दिष्ट मुदतीच्या कितीतरी आधी पार पडलं. पुढचे गव्हर्नर रिक पेरी यांच्या काळात ते वाढवलं गेलं. शिवाय वारा पश्चिमेच्या ओसाड पठारावर आणि गिऱ्हाइकं डॅलस-ह्यूस्टनकडे, म्हणून सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून ५,८०० किलोमीटरच्या आसपास पारेषण वाहिन्या टाकल्या गेल्या. खर्च वसूल झाला सगळ्या ग्राहकांच्या बिलातून. मुक्त बाजाराचा झेंडा मिरवणाऱ्या राज्यातली ही चक्क सरकारी योजना होती, आणि माझ्या मते त्या राज्याने घेतलेल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक. आज पवन ऊर्जेत टेक्सास देशात पहिलं आहे.

टेक्सासचा वीजबाजार खुला व्हावा म्हणून जोर लावणाऱ्यांत ह्यूस्टनची एक कंपनी होती, जिचं नाव दाभोळमुळे आपल्या घराघरांत पोचलेलं आहे: एन्रॉन. तिने १९९७ मध्ये पवनचक्क्या बनवणारी कंपनीही विकत घेतली होती. ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ म्हणत १९९५ ची निवडणूक लढवलेल्या युतीने सत्तेवर आल्यावर आधी करार रद्द केला आणि मग त्याच कंपनीशी नवा करार केला. विजेच्या प्रकल्पावर पक्षाचा शिक्का बसतो तो असा, आणि पुसलाही जातो.

हवामानबदलावर अमेरिकेत असा शिक्का सुरुवातीला नव्हता. १९८८ च्या उन्हाळ्यात नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढीची साक्ष दिली. त्याच वर्षीच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात थोरले बुश (जॉर्ज डब्ल्यू. यांचे वडील) हरितगृह परिणामाशी लढण्याचं आश्वासन देत होते. आम्लपावसाला आळा घालण्यासाठी उत्सर्जनाचे परवाने बाजारात विकायची पद्धत १९९० मध्ये त्यांच्याच सहीने आली. २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन तीच पद्धत कार्बनसाठी आणू म्हणत होते. वर्षभरात डेमोक्रॅटांनी ती विधेयकात मांडली आणि ते विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी कसंबसं मंजूर झालं. सिनेटमध्ये ते मतदानापर्यंतही गेलं नाही. पद्धत तीच होती, ती मांडणारा पक्ष बदलला होता.

लोकांना विज्ञान समजत नाही म्हणून असं होतं, असं आपण सहज म्हणतो. येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की विज्ञान आणि आकडेमोड ज्यांना जास्त कळते, त्यांच्यातच हवामानबदलावरची दरी जास्त रुंद असते. हुशार माणसाला आपल्या बाजूचे पुरावे जास्त सफाईने शोधता येतात, इतकंच. ड्यूक विद्यापीठातल्या ट्रॉय कॅम्पबेल आणि ॲरन के यांचा २०१४ चा प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. रिपब्लिकन मंडळींना त्यांनी तापमानवाढीचं एकच विधान वाचायला दिलं. उपाय म्हणून सरकारी निर्बंध सुचवले, तेव्हा २२ टक्क्यांनी ते विधान मान्य केलं. उपाय म्हणून मुक्त बाजार सुचवला, तेव्हा ५५ टक्क्यांनी. थर्मामीटर तोच, औषध आवडेनासं झालं की तापच नाकारायचा. हा एकाच पक्षाचा रोग नाही. त्याच अभ्यासात बंदुकांवर नियंत्रण हवं असणाऱ्या उदारमतवाद्यांनी घरफोडीच्या हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण, बंदुकीचा उपाय पुढे आला की, कमी लेखलं होतं.

पण मताला पैशाची गाठ पडते तेव्हा चित्र वेगळं दिसतं. २०२५ मध्ये टेक्सासच्या रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने पवन आणि सौर प्रकल्पांना जाचक ठरणारी तीन विधेयकं मंजूर केली. खालच्या सभागृहात, जिथे बहुमत त्याच पक्षाचं, ती तिन्ही मतदानाविना बारगळली. विरोधात उद्योगांच्या संघटना होत्या, आणि मुद्दे होते विजेचा दर, ग्रिडचा भरवसा आणि आपल्या जमिनीवर काय उभारायचं हा मालकाचा हक्क.

वॉशिंग्टनमध्ये मात्र त्याच उन्हाळ्यात उलटं घडलं. बायडेन यांच्या २०२२ च्या कायद्यातल्या स्वच्छ ऊर्जेच्या करसवलती सरसकट रद्द करू नका, असं पत्र ऑगस्ट २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन प्रतिनिधींनी सभापतींना लिहिलं होतं. त्यांच्याच मतदारसंघांत कारखाने उभे राहत होते. जुलै २०२५ मध्ये त्यांतल्या बऱ्याच सवलतींना कात्री लावणारं विधेयक मतदानाला आलं. सही करणाऱ्यांपैकी जे तोवर सभागृहात होते, त्यांतल्या बहुतेकांनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं.